गळाला काय लावलंय?

मृगाचा पाऊस पडला, नदीला पहिलं लाल पाणी आलं, की काठच्या गावांत लोक कुदळ घेऊन उकिरड्याकडे वळतात. शोध असतो गांडुळांचा. कुणी त्यांना काडू म्हणतं, कुणी दानवे, कुणी वाळे. तंगुसाची दोरी, एक गळ आणि करवंटीभर ओली माती, एवढ्यावर दुपार निघते. गढूळ पाण्यात माशाला धड दिसत नाही, पण वास आणि चव पक्की लागते. गळाला टोचलेल्या गांडुळातून पाझरणारी अमिनो आम्लं पाण्यात पसरतात आणि मासा त्यांचा माग काढत येतो. शिवाय पुरात काठ ढासळला की गांडुळं आयतीच पाण्यात पडतात, म्हणजे ओळखीचाच घास. नदी जे रोज वाढते तेच गळाला लावावं. दुकानातल्या चकचकीत प्लास्टिकच्या किड्यांनी कितीही रंग उधळले, तरी आमचं मत बदलत नाही.

अंगभर जीभ

शिंगाळा, शेंगट, शिवडा या मिशाळ मंडळींना आमिष तोंडात घ्यायच्या आधीच चाखता येतं. चव ओळखणाऱ्या कळ्या त्यांच्या मिशांवर तर असतातच, पण कातडीवरही असतात. अमेरिकेतल्या चॅनेल कॅटफिशच्या अंगावर अशा लाखाहून जास्त कळ्या असतात. शेपटीनं चव घेणाऱ्या या गिऱ्हाइकाला कोंबडीची आतडी, काळीज, उग्र वासाची सुकी मासळी हे सगळं पंचपक्वान्न. गळ टाकणाऱ्याच्या हाताला दोन दिवस वास येतो, तो सोसायचा.

दात घशात, पोट गायब

रोहू, कटला, मृगळ यांच्या जबड्यात दात नसतात. ते असतात घशात, आणि दाणे नि गोगलगायी भरडायचं काम तिथंच चालतं. आणखी गंमत म्हणजे या घराण्याला जठरच नाही. अन्न थेट आतड्यात जातं, त्यामुळे थोडं थोडं दिवसभर चरत राहणं हा त्यांचा धर्म. म्हणून त्यांच्यासाठी कणकेचा गोळा, शेंगदाण्याची पेंड, भिजवलेला पाव. कणीक सैल झाली तर पाण्यात विरघळते आणि फार घट्ट झाली तर मासा ती थुंकून टाकतो. त्यावर जुना तोडगा असा की मळताना कापसाचे तंतू मिसळायचे, गोळा गळाला धरून राहतो.

बंगाली गळकऱ्यांचा रोहूसाठी हुकमी एक्का वेगळाच: झाडावर पानं शिवून घरटं करणाऱ्या लाल मुंग्यांची अंडी. कोकणात या मुंग्यांना ओंबील म्हणतात. घरटं उतरवताना त्या कसा समाचार घेतात हे ज्यांनी भोगलंय, ते मुकाट्यानं कणकेकडे परततील.

राजा गळ टाकून बसला

‘मासे पकडणं हे काय लिहायचं काम?’ असं विचारणाऱ्यांना कल्याणीच्या चालुक्य दरबारात पाठवायला हवं. हे कल्याण म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या लातूर-सोलापूरच्या पलीकडे. तिथला राजा सोमेश्वर तिसरा यानं 1130 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला आणि त्यात हत्ती, कुस्ती, संगीत, स्वयंपाक यांच्या पंगतीत ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण बसवलं. समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, कोणत्या जातीला काय चारायचं, मांस खाणारे कोण आणि पिठाचे गोळे खाणारे कोण, दोर कसा हवा, सगळं राजेशाही तपशिलात. इंग्रजांचा लाडका गळकरी लेखक आयझॅक वॉल्टन याचं पुस्तक आलं 1653 साली, म्हणजे आपला राजा पाचशे वर्षं पुढे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकात या प्रकरणाचा अभ्यास केला, म्हणून ते शास्त्रज्ञांच्या नजरेत आलं. एरवी आपण मानसोल्लास उघडतो ते जुन्या पाककृतींसाठी, आणि मासा तिथेही भेटतोच.

उंबर पडलं, टपकन खाल्लं

महाशीर हा नदीतला पैलवान. खेकडे, शेवाळ, किडे, छोटे मासे, काहीही खातो आणि काठावरच्या उंबराची फळं पाण्यात पडली तर तीही सोडत नाही. पिकल्या उंबरांच्या दिवसांत झाडाखालचा डोह बघावा. कावेरीवरच्या गळकऱ्यांनी मात्र त्याला नाचणीची चटक लावली. उकडलेल्या नाचणीचा लिंबापेक्षा मोठा, घट्ट गोळा हे तिथलं नामांकित आमिष, आणि त्यात कोणता मसाला घालायचा हे जो तो गुपित ठेवणार. कावेरीची उपनदी कबिनीत 1946 साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकानं 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा महाशीर पकडला. तो विक्रम अजून सांगितला जातो. त्या कुबडवाल्या महाशीराला शास्त्रीय नाव निश्चित मिळालं थेट 2018 साली, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीतही गेला. नामकरण आणि धोक्याची घंटा एकदमच.

आपल्याकडे महाशीर चुरमुऱ्यांवर पोसलेत. वाडा तालुक्यात वैतरणेकाठी तिळसेश्वरापाशी आणि महाडजवळ काळ नदीतल्या वाळणकोंडीत देवाचे मासे म्हणून त्यांना कुणी हात लावत नाही. मूठभर चुरमुरे टाका, पाणी उसळतं. गळ मात्र घरी ठेवून जा.

उपाशी आई, चिडका शेजारी

उजनीकाठी लोकप्रिय झालेली चिलापी भारतात आली 1952 साली. ती गांडूळ, कणीक, भाकरी, काहीही खाते. अपवाद एकच: अंडी-पिल्लं तोंडात सांभाळणारी आई. तिचं तोंड भरलेलं असतं, आमिषाला ती सहसा विचारत नाही.

जपानमध्ये आयू नावाचा मासा दगडावरचं शेवाळ खातो, आमिषाला भीक घालत नाही. मग लोक जिवंत आयूच दोरीला बांधून सोडतात. आपल्या हद्दीत परका आला म्हणून घरमालक त्याला धडक द्यायला धावतो आणि बाजूच्या मोकळ्या गळात अडकतो. भांडकुदळपणा नडतो तो असा.

आणि आमिष लावणं ही काही माणसाची मक्तेदारी नाही. आपल्या नद्या-खाड्यांच्या काठी दिसणारा छोटा हिरवट बगळा जपानमध्ये किडे, पावाचे तुकडे पाण्यावर टाकून मासे जवळ बोलावताना पाहिला गेलाय. पाव स्वतः न खाता टाकतो, यावरून हिशेब पक्का दिसतो.

गांडूळ बोलवा, पण सोडू नका

इंग्लंडमधल्या विलास्टन गावात 1980 पासून गांडूळ बाहेर काढायची स्पर्धा भरते. खणायचं नाही, जमिनीत काटा खुपसून थरथरवायचा, वेळ अर्धा तास. पहिल्या विजेत्यानं 511 काढली होती. फ्लोरिडात हाच उद्योग पोटापाण्यासाठी चालतो: लाकडी खुंटी रोवून तिच्यावर लोखंड घासतात. ते कंपन मातीखालच्या चिचुंदरीसारख्या शिकारी प्राण्याच्या, मोलच्या, खोदण्यासारखं वाटतं आणि गांडुळं जीव घेऊन वर पळतात, हे 2008 साली संशोधनातून दिसलं.

पण उरलेल्या गांडुळांचं काय? अमेरिकेच्या उत्तरेकडच्या सरोवरांभोवतीच्या जंगलांत हिमयुगानंतर स्वतःची गांडुळं नव्हतीच. बाहेरून आलेली आणि गळकऱ्यांनी काठावर ओतलेली गांडुळं तिथला पालापाचोळा इतक्या झपाट्यानं फस्त करू लागली की त्या पाल्यात वाढणारी रोपं कमी होऊ लागली. म्हणून तिथं गळकऱ्यांना सांगितलं जातं, उरलेली गांडुळं जंगलात सोडू नका, कचऱ्यात टाका.