बुलेटची प्रायमरी चेन: ताण केव्हा द्यावा?

मोटारसायकलचे मागचे चाक फिरवणारी चेन सर्वांना दिसते. इंजिनाची ताकद क्लचपर्यंत नेणारी प्रायमरी चेन मात्र बंद चेनकेसमध्ये, तेलात फिरत असते. मद्रासमध्ये १९५५ साली सुरू झालेल्या रॉयल एनफिल्ड बुलेटच्या जुन्या, बिडाच्या सिलिंडरच्या इंजिनात ही चेन डाव्या बाजूला असते आणि तिचा ताण हाताने जुळवावा लागतो. ही दुहेरी, म्हणजे डुप्लेक्स चेन आहे. तिचा पिच, म्हणजे लगतच्या दोन पिनांमधले अंतर, ३/८ इंच (९.५२५ मिलिमीटर) असतो.

चेन ढिली पडते ती पोलाद ताणले गेल्यामुळे नव्हे. प्रत्येक कडीतली पिन आणि तिच्याभोवतीचा बुश एकमेकांवर घासून झिजतात. एका कडीतली झीज डोळ्यांना दिसतही नाही, पण सगळ्या कड्यांची मिळून लांबी वाढते. नवी चेन बसवल्यावर सुरुवातीच्या काळात ही वाढ लवकर होते, मग तिचा वेग मंदावतो. तेल कमी असेल किंवा त्यात धातूचा कीस मिसळला असेल, तर झीज पुन्हा वेगाने होऊ लागते.

पहिली खूण आवाजाची. गाडी उभी असताना, इंजिन मंद चालत असताना डाव्या केसमधून अनियमित खडखड ऐकू येते. एका सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक स्फोटाला चेनला झटका बसतो, दोन झटक्यांमध्ये ती सैलावते. त्यामुळे मंद वेगात आवाज ठळक असतो आणि एकसारख्या वेगाने धावताना तो बराच दबतो. दुसरी खूण चालवताना कळते: थ्रॉटल सोडून पुन्हा दिला की क्षणभर काहीच होत नाही, मग गाडी धक्का देऊन पुढे सरकते. मात्र मागची चेन ढिली असली किंवा मागच्या हबमधले रबर झिजले असले, तरी असाच धक्का बसतो. म्हणून आधी ते दोन्ही पाहून घ्यावे. चेन फारच सैल झाली तर ती केसला आतून घासते. काढलेल्या तेलात ॲल्युमिनियमचा चमकदार कीस दिसला, की दुरुस्ती लांबवू नये.

आवाजाची जागा ओळखणे महत्त्वाचे आहे. टॅपेटची टिकटिक वरून येते, टायमिंग गिअरची घरघर उजव्या बाजूने. क्लचचा लिव्हर दाबताच आवाज बदलला किंवा थांबला, तर दोष क्लचमध्ये असण्याची शक्यता अधिक. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक केसवर टेकवून मूठ कानाला लावली, की मिस्त्रीला आवाजाचे ठिकाण नेमके सापडते. तरीही आवाज हा केवळ इशारा आहे. निर्णय मोजमापावरच घ्यावा.

त्यासाठी इंजिन थंड हवे. केसखाली ट्रे ठेवून डावा फुटरेस्ट आणि आड येणारे पेडल काढावे, मधला एकच मोठा नट सोडवून झाकण उतरवावे आणि तेल ट्रेमध्ये पडू द्यावे. मग दोन स्प्रॉकेटच्या मधोमध वरची चेन बोटाने वर-खाली हलवून पाहावी. स्पार्क प्लग काढून ठेवला की किकने इंजिन थोडेथोडे फिरवता येते, त्यामुळे चेनची ही वर-खाली हालचाल, म्हणजे प्ले, पाच-सहा ठिकाणी तपासता येतो. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. एखादी जागा ताठ आणि दुसरी सैल निघते. जिथे चेन सर्वांत ताठ असेल तिथे पाव इंच, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर प्ले असावा. त्याहून जास्त असेल, तर ताण देण्याची वेळ आलेली असते.

अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत प्रायमरी चेन ताणण्यासाठी अख्खा गिअरबॉक्स मागे सरकवतात. बुलेटचा गिअरबॉक्स इंजिनाला पक्का बोल्ट केलेला असल्याने ते शक्य नसते. इथे खालच्या चेनला टेकलेली वक्र पट्टी ॲडजस्टरने वर उचलली जाते. लॉकनट सैल करून पट्टी उचलावी, लॉकनट आवळावा आणि इंजिन फिरवून प्ले पुन्हा मोजावा, कारण नट आवळताना ताण बदलू शकतो. झाकण लावण्यापूर्वी त्याच्या काठाचे रबर तपासावे. ते कडक झाले असेल तर बदलावे. शेवटी त्या मॉडेलच्या पुस्तिकेत सांगितलेले तेल योग्य पातळीपर्यंत भरावे.

खडखड पूर्ण थांबावी म्हणून चेन ताठ आवळणे धोक्याचे आहे. इंजिन तापले की ॲल्युमिनियमचे भाग पोलादी चेनपेक्षा जास्त प्रसरण पावतात, दोन स्प्रॉकेटमधले अंतर वाढते आणि चेन आणखी ताठ होते. हार्ले-डेव्हिडसन स्पोर्टस्टरच्या पुस्तिकेतले आकडे हेच दाखवतात: थंड इंजिनाला ३/८ ते १/२ इंच प्ले, गरम इंजिनाला १/४ ते ३/८ इंच. चेन फार ताठ असली, तर शिट्टीसारखा बारीक आवाज येतो, क्रँकशाफ्ट आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर सतत ताण पडतो आणि चेनही लवकर झिजते. थोडी सैल चेन कुरकुरते, पण ताठ चेन बेअरिंग खाते.

सगळ्याच गाड्यांत ताण जुळवण्याची सोय नसते. म्हैसूरच्या जुन्या जावा-येझदीत ॲडजस्टर नाही. चेन सैल झाली की बदलावीच लागते. बुलेटच्या २०२३ पासूनच्या नव्या ३५० सीसी इंजिनात चेनऐवजी गिअर आहेत.

जुन्या बुलेटमध्ये पट्टी पूर्ण उचलूनही प्ले कमी होत नसेल, किंवा ताठ आणि सैल जागांमधला फरक फार असेल, तर ताण देऊन उपयोग नाही. चेन काढून ओढून धरावी आणि ४० पिच मोजावेत. नव्या चेनमध्ये ते ३८१ मिलिमीटर भरतात. ही लांबी ३८८ च्या पुढे गेली, म्हणजे झीज दोन टक्क्यांच्या घरात पोहोचली, तर नवी चेन घालावी. त्याच वेळी पट्टीवर पडलेल्या खाचा आणि दोन्ही स्प्रॉकेटचे दातेही तपासावेत. दाते आकड्यासारखे वाकडे झाले असतील तर स्प्रॉकेटही बदलावे, कारण झिजलेल्या दात्यांवर नवी चेन फार दिवस टिकत नाही.