सिस्टिम कॉल, कर्नेलांतर्गत
सिस्टिम कॉल, कर्नेलांतर्गत : संगणकाच्या प्रचालन प्रणालीचा जो भाग प्रक्रियक, स्मृती व जोडलेली उपकरणे यांवर प्रत्यक्ष नियंत्रण ठेवतो, त्यास कर्नेल म्हणतात. सामान्य आज्ञावलीला ही साधने थेट हाताळता येत नाहीत. फाइल उघडणे, तीत मजकूर लिहिणे अशा कामांसाठी तिला कर्नेलकडे ठराविक रीतीने मागणी करावी लागते. या मागणीस सिस्टिम कॉल असे नाव आहे. कर्नेलने स्वतःच्या अंतर्गत कामासाठीही हाच मार्ग वापरावा काय, हा प्रश्न लिनक्स या प्रचालन प्रणालीत दीर्घकाळ मागे पडला होता; तो २०१८ ते २०२२ या काळात बव्हंशी निकालात निघाला. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेली ही प्रणाली आज अँड्रॉइड दूरध्वनींपासून महासंगणकांपर्यंत सर्वत्र आढळते. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेचा ‘परम सिद्धी-एआय’ हा नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ व्या क्रमांकावर असलेला महासंगणकही तीवरच चालतो. त्यामुळे हा प्रश्न केवळ तज्ञांपुरता उरत नाही.

६४-बिटी इंटेल पद्धतीच्या प्रक्रियकावर आज्ञावली एका नोंदकात मागणीचा क्रमांक (उदा., वाचनासाठी ०, लेखनासाठी १) व इतर नोंदकांत जास्तीत जास्त सहा मूल्ये ठेवून एक खास निदेश देते. त्यासरशी प्रक्रियक विशेषाधिकारी अवस्थेत जातो आणि कर्नेल कोष्टकातून योग्य ते फलन निवडतो. येथे आलेले कोणतेही मूल्य विश्वासार्ह मानता येत नाही. विशेषतः आज्ञावलीने दिलेला स्मृतीचा पत्ता तिच्याच हद्दीतील आहे की नाही, हे तपासावे लागते. अन्यथा कर्नेलकडूनच कर्नेलच्या स्मृतीवर हवे ते लिहवून घेता येईल.

कर्नेलने आतून सिस्टिम कॉल करणे म्हणजे बँकेतील रोखपालाने आपल्याच खिडकीबाहेर येऊन ग्राहकांच्या रांगेत उभे राहण्यासारखे आहे. तरीही ही सवय पडली, याचे कारण सोय. सिस्टिम कॉलची फलने सी भाषेतील साधी फलने होती व ती हाताशी होती. संगणक सुरू होताना प्रारंभिक फाइलसंच स्मृतीत उलगडावा लागतो. त्यासाठी निर्देशिका निर्माण करणे, फाइल उघडणे, लिहिणे ही कामे कर्नेल याच फलनांकडून करवून घेई. वस्तुतः त्या क्षणी वापरकर्त्याची एकही आज्ञावली अस्तित्वात नसते.

अडचण पत्त्याच्या तपासणीची होती. कर्नेलने दिलेला पत्ता कर्नेलच्या हद्दीतला, म्हणजे तपासणीत नापास होणारा. म्हणून ‘सेट-एफएस’ या फलनाने हद्दीची मर्यादाच तात्पुरती उठविण्यात येई (इंटेलच्या एका खंड-नोंदकावरून पडलेले हे नाव, त्या नोंदकाचा या कामी उपयोग संपल्यावरही टिकले). मर्यादा पूर्ववत झाली नाही, तर संरक्षण संपले. २०१० मध्ये नेमके हेच उघडकीस आले. मर्यादा उठविलेली असताना कर्नेलमध्ये दोष उद्भवून कार्य अकस्मात बंद पडले, तर समाप्तीच्या वेळी आज्ञावलीने आधीच सांगून ठेवलेल्या पत्त्यावर शून्य लिहिले जाई, आणि तो पत्ता कर्नेलचाही असू शके. अन्य दोषांची जोड मिळताच साध्या वापरकर्त्यास संगणकाचे सर्वाधिकार मिळविता येत.

जानेवारी २०१८ मध्ये प्रक्रियकांतील ‘स्पेक्टर’ हे वैगुण्य प्रसिद्ध झाले व वापरकर्त्याच्या हातची मूल्ये कर्नेलमध्ये कोठवर पोहोचतात, या प्रश्नाला धार आली. त्याच वर्षी ३ जूनला निघालेल्या ४.१७ या आवृत्तीत ६४-बिटी इंटेल पद्धतीसाठी नवी रीत आली. तीत सर्व नोंदकांतील मूल्ये स्मृतीत साठवून केवळ त्या साठ्याचा पत्ता पुढे देतात आणि प्रत्येक फलनाचे वेष्टन त्यातून आवश्यक तेवढीच मूल्ये उचलते. असे झाल्यावर आतून केलेला जुन्या धर्तीचा कॉल चालणे शक्यच नव्हते. म्हणून डोमिनिक ब्रोडोव्स्की यांनी शंभरांहून अधिक लहान दुरुस्त्यांची मालिका सादर करून कर्नेलांतर्गत उपयोग एकेक करून बदलले. काही ठिकाणी फाइलव्यवस्थेची अंतर्गत फलने थेट वापरली; जेथे ती नव्हती, तेथे ‘के-सिस’ हे उपपद लावलेली साहाय्यक फलने घातली. ही दुसरी तोड तात्पुरतीच होती, कारण फलनाचे नाव बदलले तरी पत्त्याचा घोळ तसाच राहतो. क्रिस्टोफ हेलविग यांनी २०२० मध्ये संगणक सुरू होतानाच्या कामांसाठी स्वतंत्र फलने लिहून त्यांतील बरीच काढून टाकली. ५.१० या आवृत्तीत (डिसेंबर २०२०) इंटेलसह काही प्रक्रियकांवरील व ५.१८ मध्ये (मे २०२२) उरलेल्यांवरील ‘सेट-एफएस’ नाहीसे झाले.

या खटाटोपात वापरकर्त्याच्या आज्ञावलीस दिसणारे काहीही बदलले नाही. सिस्टिम कॉलचे क्रमांक व अर्थ कायम राहिले. त्यांना हात लावायचा नाही, हा लिनक्सचा जुना दंडक आहे. अंतर्गत फलनांबाबत असे अभिवचन कधीच नव्हते. विशिष्ट प्रक्रियकासाठी लिहिलेला भाग आणि ३२-बिटी आज्ञावली चालविण्यासाठीची वेष्टने यांना मात्र आतून सिस्टिम कॉल करण्याची मुभा अद्याप आहे.