कॉटर पिनच्या जिवावर

संपादकांनी सांगितलं होतं, "जुन्या सायकलींची टूम निघालीये म्हणतात. पण शौकीन नको, विकून पोट भरणारा शोध." पुण्यात सायकलींचं संग्रहालय आहे, तिकडे गेलो असतो तर दुपार झकास गेली असती. गेलो मात्र पूर्वेकडच्या पेठांमधल्या एका बोळात. एका शटरचं दुकान, त्यातला निम्मा धंदा शटरबाहेर. पाच-सहा तयार सायकली ओळीनं उभ्या, आत भिंतीवर खिळ्यांना सांगाडे टांगलेले, कोपऱ्यात रिमांची चळत आणि सगळीकडे रॉकेलचा वास.

मालक तिशीतला. आधी गिअरच्या सायकलींच्या शोरूममध्ये विक्रीवर होता. तिथं त्याच्या ध्यानात आलं की पंधरा-वीस हजारांची सायकल नेणारे कितीतरी जण पुढे एकाच गिअरवर फिरतात, आणि ज्यांना रोज दहा किलोमीटर जायचंच असतं ते किंमत विचारून परत जातात. त्यानं धंदा मांडला तो या परत जाणाऱ्यांसाठी: रात्रपाळीचा वॉचमन, मेसचे डबे पोचवणारा पोरगा, वसतिगृहातले विद्यार्थी. अलीकडे आयटीवालेही येतात. त्यांना मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर उतरवून, सरळ हँडल लावून हलकी केलेली 'सिंगल स्पीड' हवी असते. "वॉचमनला कॅरिअर लागतं. मग ह्यांचं उतरवलेलं त्यांना बसवतो," मालक म्हणाला.

माल येतो बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातून, भंगारवाल्यांकडून आणि सोसायट्यांच्या पार्किंगमधून. काळी सायकल वीस किलोच्या आसपास भरते. भंगारवाला वजनावर भाव करतो, हा त्यावर शे-दोनशे चढवतो. मात्र पारख जागच्या जागी करावी लागते: पुढची नळी ठोकर खाऊन वाकलीये का, सीटचा दांडा गंजून आत अडकलाय का, रिमेला आतून भोकं पडलीत का. यातलं एक जरी हुकलं तरी त्या सायकलीतला नफा गेला.

मुळात असा धंदा जमतो कसा, याचं उत्तर कारखान्यांच्या इतिहासात आहे आणि ते थोडक्यात आटपतं. स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांच्या आत मद्रासजवळ अंबत्तूरला हर्क्युलस, आसनसोलला सेन-रॅले, सोनीपतला अॅटलस असे कारखाने उभे राहिले. १९५६ मध्ये लुधियान्यात हिरो आली. घाट सगळ्यांचा एकच, इंग्रजी रोडस्टरचा: २८ इंची चाकं, दांडीचे ब्रेक, पुढच्या चाकाला ३२ तारा, मागच्याला ४०. पुढच्या पन्नास वर्षांत त्यात नाव घेण्यासारखा बदल झाला नाही. नव्या वाहनांच्या जगात ही नामुष्की ठरली असती, दुरुस्तीच्या जगात मात्र ती मोठी सोय ठरली. आजोबांच्या हर्क्युलसला आज बाजारात मिळणारी चेन बसते. आडमुठी निघते ती नॉटिंगहॅमची जुनी रॅले. पायडलच्या आसाजवळच्या वाट्यांना इतरांचे आटे इंचाला २४, तिचे २६. तिची वाटी झिजली की दुसरी रॅलेच मारावी लागते.

दुकानातलं खरं काम मिस्त्री करतात. मालक त्यांना मामा म्हणतो. साठी ओलांडलेली आहे, जिथं बसतात तिथून उठावं लागू नये अशी हत्यारं मांडलेली असतात. मी गेलो तेव्हा ते एका कॉटर पिनशी झुंजत होते, आणि माझं पुढचं सगळं लक्ष त्या बोटाएवढ्या पिननं खाल्लं.

जुन्या सायकलीत पायडलचा दांडा, म्हणजे क्रँक, आसावर धरून ठेवते ती ही पिन. आसाच्या टोकाशी एक सपाट खाच असते. क्रँकच्या भोकातून पिन आडवी आत जाते. तिची एक बाजू तिरकी तासलेली असते, ती या खाचेवर बसते. पिन जितकी आत, तितकी पकड घट्ट. टोकाला नट असतो. "पोरं नट आवळून पिन ओढतात. आटे जातात," मामा म्हणाले. "पिन ठोकून बसवायची. नट नुसता राखणीला."

बसवण्यापेक्षा काढणं अवघड. वीस पावसाळे खाल्लेली पिन क्रँकशी एकजीव झालेली असते. मामांनी आदल्या रात्रीच तिला रॉकेल पाजलं होतं. आता त्यांनी नट पूर्ण न काढता आट्यांच्या टोकाशी अगदी बरोबरीला आणला, म्हणजे घाव नटावर बसेल आणि आटे पसरणार नाहीत. मग क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा उभा केला. तो नसेल तर दणका थेट आतल्या छऱ्यांवर आणि वाट्यांवर जातो, आणि पिन वाचवायच्या नादात आस खराब होतो. एवढी मांडामांड करून एकच घाव. पिन हलली नाही. त्यांनी पाइप केसभर सरकवला, पुन्हा एकच घाव. या वेळी आवाज बदलला. तो बद्द न राहता खणखणीत झाला आणि मामांनी हातोडा खाली ठेवला. "सुटली," ते म्हणाले. मला काहीच सुटलेलं दिसत नव्हतं. त्यांनी नट काढला आणि पंच लावून पिन बाहेर ढकलली.

नवी पिन पुडीतून काढली की लगेच बसत नाही. तिची तिरकी बाजू व्हाइसमध्ये धरून कानशीनं तासायची, घालून बघायची, परत काढून तासायची. दोन्ही पिना उलटसुलट दिशांनी जातात. त्यांचा उतार तंतोतंत सारखा नसेल तर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत आणि चालवणाऱ्याचा एक पाय जन्मभर किंचित पुढे राहतो. गिऱ्हाइकाला दोष सांगता येत नाही, फक्त गुडघा दुखतो. मामा क्रँक आडवे धरून एक डोळा मिटून बघतात, दोन-तीन वेळा कानस फिरवतात, पुन्हा बघतात.

मग गिऱ्हाइकाचा रस्ता विचारतात. पुढे ४४ दाते, मागच्या फ्रीव्हीलला १८ असले तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळजवळ साडेपाच मीटर जाते. पेठांमध्ये हे छान. पण कोणी रोज कात्रजच्या बाजूला चढून जाणार असेल तर मामा मागे २२ दात्यांचं फ्रीव्हील लावतात. एका फेऱ्यात मीटरभर अंतर कमी, पण चढाला उतरावं लागत नाही. सिंगल स्पीड सायकलीत गिअर एकच असतो आणि तो मिस्त्रीला गिऱ्हाइकाच्या वतीनं आधीच निवडावा लागतो.

आता अडचणी. मालकानं त्या विचारण्याआधीच सांगायला घेतल्या. नव्या पिनांचं लोखंड मऊ येतं. दोन-तीन वेळा ठोकलं की पिन दबते. म्हणून मामा जुन्या चांगल्या पिना बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवतात, आणि डबा काही भरत नाही. पिनशिवायचा चौकोनी टोकाचा आस आणि त्याचे क्रँक असा संच बसवला तर काम झटपट होतं, पण त्याची किंमत वॉचमनच्या सायकलीत मावत नाही.

मग कायदा. मोटारसायकलला आरसी बुक असतं, सायकलला काही नसतं. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. म्हणून मालक विकणाऱ्याचं आधार, सही आणि फ्रेमवर ठोकलेल्या नंबरचा फोटो घेतो. जो हे देत नाही त्याची सायकल घेत नाही. ती सायकल बोळाच्या दुसऱ्या टोकाला विकली जाते, हेही त्याला माहीत आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. नवी काळी सायकल स्वस्त झाली, आणि नव्या-जुन्या सायकलींच्या किमतीतलं अंतर, ज्यावर हा धंदा चालतो, ते आक्रसलं. दुसऱ्या बाजूनं शौकीन दाबतात. पितळी घंटी किंवा जुना डायनामो दिसला की सायकलीची 'विंटेज' होते आणि भंगारवालासुद्धा मोबाइलवर भाव बघून बोलतो.

पण मला या सगळ्यापेक्षा मोठी वाटली ती मामांच्या वेळेची अडचण. टायर, ट्यूब, चेन, ब्रेकचे रबर यांचे भाव ठरलेले आहेत. घासाघीस होते ती मजुरीवर, कारण ती सायकलीवर कुठे दिसत नाही. मामांच्या हाताखाली दोन पोरं येऊन गेली. एक आता डिलिव्हरी करतो, दुसरा मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये आहे. दोघांनाही तिथं जास्त मिळतं, तेव्हा त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. स्वस्त सायकल स्वस्त राहते, कारण एक म्हातारा माणूस आपला वेळ स्वस्तात देतो. तो थांबला की हाच माल पुन्हा वजनावर जाईल.

मालकानं त्यावर एक उपाय काढलाय, छोटासाच. महिन्याभरापासून तो पावतीवर मजुरीची ओळ वेगळी लिहितो आणि ती रक्कम पूर्ण मामांना देतो. सिंगल स्पीड नेणारे ती न बोलता भरतात. वॉचमन लोक हटकून त्याच ओळीवर बोट ठेवून कमी करायला सांगतात. "मग काय करतोस?" मी विचारलं.

"चेनमध्ये कमी करतो," तो म्हणाला. "ती ओळ तशीच ठेवतो."