पाच फुग्यांची नळी

काचेची एक बारीक नळी, वाकवून त्रिकोणी केलेली. तिच्यावर पाच फुगे: तळाशी ओळीने तीन, वर दोन्ही अंगांना एकेक मोठा. जर्मनीतल्या गीसन गावी युस्टुस लीबिगने १८३१ मध्ये ही नळी घडवली. नाव ‘कालीआपराट’. काली म्हणजे पोटॅश. जाळलेल्या पदार्थात कार्बन किती, हे या नळीच्या वाढलेल्या वजनावरून कळतं.

कॉलेजात आपण उलट्या वाटेने शिकतो. सूत्र आयतं मिळतं, अणुभारांची बेरीज करायची आणि टक्के काढायचे. पण ते सूत्र मुळात टक्क्यांवरून आलं, आणि टक्के तराजूवरून. हे पहिल्याच तासाला सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

०.३०० ग्रॅम ग्लुकोज घ्या. कॉपर ऑक्साइडमध्ये कालवून जळणाच्या वेगळ्या नळीत भरा आणि निखाऱ्यांवर तापवा. हायड्रोजनचं पाणी होतं; ते वाटेतलं कॅल्शियम क्लोराइड टिपून घेतं. कार्बन डायऑक्साइड पुढे सरकतो, फुग्यांतल्या कॉस्टिक पोटॅशमधून बुडबुडत जातो आणि तिथेच अडकतो. शेवटी जळणाच्या नळीचं टोक मोडायचं आणि दुसऱ्या टोकाने तोंडाने हलकेच हवा ओढायची, म्हणजे मागे रेंगाळलेला वायूही फुग्यांत येतो. पूर्वी या वायूचं आकारमान मोजत बसावं लागे. या फुग्यांमुळे नुसतं वजन करणं पुरेसं झालं.

फुग्यांचं वजन ०.४४० ग्रॅमने वाढलं. या वायूच्या ४४ भागांत कार्बन १२ भाग, म्हणून कार्बन ०.१२० ग्रॅम. पाणी भरलं ०.१८० ग्रॅम, त्याच्या १८ भागांत हायड्रोजन २, म्हणजे ०.०२० ग्रॅम. उरलेले ०.१६० ग्रॅम ऑक्सिजनचे. टक्के झाले ४०, ६.७ आणि ५३.३. प्रत्येकाला आपापल्या अणुभाराने भागलं की प्रमाण येतं १:२:१.

ऑक्सिजन इथे मोजलाच जात नाही. तो वजाबाकीत उरतो, त्यामुळे बाकी दोघांच्या वजनातली चूक त्याच्याच खात्यावर चढते. आणि व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल किंवा दह्यातलं लॅक्टिक आम्ल जाळलं, तरी हेच तीन आकडे येतात! रेणू केवढा, हे टक्क्यांतून कळत नाही. रेणुभार वेगळा काढावा लागतो.

गीसनचे विद्यार्थी काच फुंकायलाही शिकत. पाचही फुगे नीट उतरले, की मग तराजू.