भिंतीवरचा टोमणा

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या व पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते. तिच्याबरोबर बडगेही असतात. महागाई, भ्रष्टाचार, सरकारचा एखादा नकोसा निर्णय, जे काही त्या वर्षी लोकांना सलत असेल त्याचा बडग्या होतो आणि त्याच दिवशी तो जाळला जातो. काळ्या मारबतीचा संबंध लोक भोसले घराण्यातील बांकाबाईंशी, म्हणजे इंग्रजांपुढे नमते घेण्याशी, जोडतात. ही राजकीय टवाळी एका दिवसाची असते. कागदावर छापलेली टवाळी मात्र चौकटीत जाते आणि शंभर-दोनशे वर्षे भिंतीवर टिकते. जुन्या व्यंगचित्रांच्या प्रती हल्ली घरोघरी दिवाणखान्यात दिसू लागल्या आहेत. त्या मुळात छापल्या कशा आणि टिकतात कशा, ते पाहू.

इंग्लंडमधील जेम्स गिलरेचे १८०५ सालचे एक चित्र प्रसिद्ध आहे. पंतप्रधान पिट आणि नेपोलियन जेवणाच्या टेबलाशी बसून पृथ्वीच्या गोळ्याचे पुडिंग कापून घेत आहेत. हे तांब्याच्या पत्र्यावरील खोदचित्र आहे. पत्र्याला मेणाचा लेप देतात, त्यावर सुईने चित्र काढतात आणि पत्रा सौम्य नायट्रिक आम्लात ठेवतात. मेण निघालेल्या रेघांतले तांबे आम्ल खाते आणि तेथे चर पडतो. चरात शाई भरून, वरचा पत्रा पुसून, ओलसर कागद दाबला की चित्र उमटते. या दाबामुळे कागदावर पत्र्याच्या कडेचा चौकोनी खळगा राहतो. रंग मागाहून हाताने भरत. पत्रा झिजत जाई, त्यामुळे प्रती मर्यादित निघत.

‘पंच’ या लंडनच्या साप्ताहिकाची (स्थापना १८४१) चित्रे लाकडी ठशांची. बॉक्सवुडच्या आडव्या कापाचे लाकूड इतके घट्ट असते की त्यावर केसाएवढी रेघ कोरता येते. पण हे झाड बारीक. म्हणून मोठ्या चित्रासाठी अनेक तुकडे बोल्टने जोडत आणि घाई असली की एकेक तुकडा वेगवेगळ्या कारागिरांकडे कोरायला देत. काही प्रतींत जोडाची पांढरी रेघ दिसते, ती यामुळे. ठसा उठावाचा असल्याने तो अक्षरांच्या खिळ्यांबरोबरच छापता येई.

तिसरी रीत शिळाछापाची. जर्मनीतील सेनेफेल्डरने ती अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधली आणि तिचे रसायन सर्वांत सुंदर आहे. बव्हेरियातील गुळगुळीत चुनखडीवर तेलकट खडूने चित्र काढतात. खडूतील मेदाम्ले दगडातील कॅल्शियमशी संयोग पावून न विरघळणारा साबण तयार होतो. उरलेल्या भागावर किंचित आम्ल मिसळलेला डिंक फिरवतात, त्यामुळे तो भाग पाणी धरून ठेवतो. दगड ओला करून तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्रावर बसते. कोरणे नाही, खोदणे नाही. चित्रकाराने खडू उचलला आणि थोड्याच वेळात चित्र बाजारात! राजकारणाला हा वेग फार मानवला. पॅरिसमध्ये ओनोरे दोमिएने राजा लुई-फिलिप हा जनतेचे धन गिळणारा राक्षस म्हणून रंगवला (१८३१) आणि त्यापायी तुरुंग भोगला. पुढे १८३५ च्या फ्रेंच कायद्याने चित्रांवर छपाईपूर्वी तपासणी लादली, मजकुरावर नाही. यातच सरकारला चित्राचे भय का, ते कळते. न वाचता येणाऱ्यालाही चित्र कळते.

आपल्याकडे १८७८ साली देशी वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा आला. त्याच साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात चित्रशाळा प्रेस काढला. तेथील शिळाछापाची चित्रे टवाळीची नव्हती. शिवाजी महाराज, नाना फडणीस, रामपंचायतन अशी ती होती. पण परकी राज्यात नाना फडणीस भिंतीवर असणे हेही काही कमी बोलके नव्हे, असे आम्हाला वाटते. उघड टोमण्याला जागा नसली की तो पुराणाचा वेष घेतो. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकातील (१९०७) कीचक म्हणजे कर्झन, हे प्रेक्षकांना कोणी सांगावे लागले नाही. सरकारलाही १९१० मध्ये बंदी घालताना ते ठाऊक होते.

म्हणूनच भिंतीवर काय टांगतो ते नीट पाहावे. ‘पंच’मधील जॉन टेनिएलचे २२ ऑगस्ट १८५७ चे चित्र घ्या. बाई आणि मूल यांच्यावर उभ्या असलेल्या वाघावर सिंह झेप घेतो आहे. रेखाटन अप्रतिम आहे. पण तो वाघ म्हणजे आपण, आणि चित्राचे बोलणे सूडाचे. नागपूरचे राज्य इंग्रजांनी घशात घातल्याला तेव्हा चार वर्षेही झाली नव्हती. असे चित्र लावू नये असे नाही, पण ‘छान जुने चित्र’ म्हणून तर नक्कीच लावू नये.

आता टिकण्याविषयी. गिलरेच्या काळचा कागद चिंध्यांचा, म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोजचा होता. तो दोनशे वर्षांनीही बराच शाबूत राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यातील लिग्निन प्रकाश व हवेने पिवळे पडते, आणि तुरटी-राळेच्या खळीतून आलेले आम्ल सेल्युलोजच्या साखळ्या तोडत राहते. वृत्तपत्रातून कापलेले व्यंगचित्र चौकटीत तपकिरी होऊन तुकडे पडते ते यामुळे. काळी शाई काजळीची, म्हणजे कार्बनची असल्याने ती उडत नाही. हाताने भरलेले रंग उडतात.

नागपूरच्या घरात आणखी दोन शत्रू आहेत. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि कागद वाळतो. मग कूलर सुरू होतो, कागद ओलावा पिऊन फुगतो. रोजच्या या चढउताराने तो लाटा धरतो, काचेला चिकटतो. पावसाळ्यात बुरशीचे ठिपके येतात आणि कसर लागते. म्हणून चित्र पश्चिमेच्या किंवा कूलरसमोरच्या भिंतीवर नको. काच आणि कागद यांत जाड पुठ्ठ्याची चौकट घालून अंतर ठेवावे. मागे हार्डबोर्ड थेट लावू नये, त्यातले आम्ल कागदात उतरते. साध्या काचेने ऊन अडते असे समजू नये. मूळ प्रत असेल तर ती अंधारात, सपाट ठेवून भिंतीवर तिची नक्कल लावावी.

नक्कल ओळखायला साधे भिंग पुरते. आधुनिक छपाईत रंगीत ठिपक्यांची जाळी दिसते. शिळाछापात दगडाचा खरबरीत, अनियमित दाणा दिसतो, तर खोदचित्राच्या रेघा बोटाला किंचित उंच लागतात. वर्गासाठी एक प्रयोग असा: वृत्तपत्राचा आणि हातकागदाचा एकेक तुकडा घ्या, अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाका आणि दोन्ही उन्हात ठेवा. आठवड्याने पुठ्ठा काढा आणि दोन्हींच्या झाकलेल्या व उघड्या भागांतील फरक वहीत नोंदवा.