सेंटिनल बेटावर मिशनरी मारला गेला, मग अटक मच्छीमारांना का झाली?

दर काही महिन्यांनी एक रील फिरत फिरत आपल्या फीडवर येतेच. वरून दिसणारं हिरवंगार बेट, मागे घाबरवणारं म्युझिक आणि खाली वाक्य, 'इथे गेलेला माणूस परत येत नाही, इथे खून माफ आहे.'

बेट खरं आहे. अंदमानातलं नॉर्थ सेंटिनल. पण वाक्याचे दोन्ही तुकडे चुकीचे आहेत. तिथे जाऊन सुखरूप परत आलेली माणसं आहेत. आणि सेंटिनली लोकांना खून माफ आहे असं भारताच्या कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये जॉन अ‍ॅलन चाऊ हा २६ वर्षांचा अमेरिकन तरुण या बेटावर मारला गेला, तेव्हा अंदमान पोलिसांनी रीतसर खुनाचा गुन्हा नोंदवला होता. आरोपी म्हणून लिहिलं होतं, अज्ञात व्यक्ती.

अटक मात्र सात जणांना झाली, आणि त्यातला एकही सेंटिनली नव्हता. हे असं का झालं, ते समजून घ्यायचं तर आधी चाऊ तिथे कसा पोहोचला ते बघावं लागेल.

तयारी करून गेलेला माणूस

चाऊ भटकत भटकत बेटावर पोहोचला नव्हता. या बेटावर जाऊन ख्रिस्ताचा संदेश द्यायचा, हे त्याने कित्येक वर्षं आधी ठरवलं होतं. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या 'ऑल नेशन्स' या मिशनरी संस्थेत त्याने प्रशिक्षण घेतलं. तिथल्या सरावात संस्थेचीच माणसं अनोळखी टोळी बनून खोटे भाले घेऊन त्याच्या अंगावर यायची. त्याने लसी घेतल्या होत्या, आपल्यामुळे रोग जाऊ नये म्हणून काही दिवस तो वेगळा राहिला होता, असं संस्थेने नंतर सांगितलं.

ऑक्टोबरमध्ये तो पोर्ट ब्लेअरला आला (आताचं श्री विजयपुरम). हातात टुरिस्ट व्हिसा, म्हणजे धर्मप्रचाराची परवानगी नाहीच. स्थानिक मच्छीमारांना साधारण २५ हजार रुपये देऊन १४ नोव्हेंबरच्या रात्री तो त्यांच्या बोटीतून निघाला. सेल्युलर जेल बघायला आपण जिथे जातो, तिथून हे बेट पश्चिमेला जेमतेम ५० किलोमीटरवर आहे.

१५ तारखेला तो कयाक घेऊन किनाऱ्याकडे गेला. सोबत मासे, फुटबॉल, कात्री, सेफ्टी पिना. माझं आणि येशूचं तुमच्यावर प्रेम आहे, असं त्याने इंग्रजीत ओरडून सांगितलं. धनुष्यावर बाण चढलेले दिसताच तो मागे फिरला. त्याच दिवशी पुन्हा गेला. या वेळी एका मुलाने सोडलेला बाण त्याच्या छातीशी धरलेल्या वॉटरप्रूफ बायबलमध्ये घुसला. कयाक गेली, आणि पोहत तो कसाबसा बोटीपर्यंत आला.

त्या रात्री त्याने डायरीत लिहिलेली पानं नंतर जगभर छापून आली. मरायची भीती वाटतेय हे त्यात स्पष्ट आहे. मी मेलो तर या लोकांवर आणि देवावर रागावू नका, असंही त्याने आईवडिलांना लिहिलं. म्हणजे धोका काय आहे ते त्याला पुरतं ठाऊक होतं. १६ तारखेला तो पुन्हा बेटावर उतरला आणि मच्छीमारांना परत जायला सांगितलं. १७ तारखेच्या सकाळी मच्छीमारांना दिसलं की किनाऱ्यावर एक मृतदेह ओढत नेऊन वाळूत पुरला जातोय.

'नाही' म्हणायला भाषा लागते का?

सेंटिनली लोकांची भाषा आपल्याला येत नाही. जवळच्याच लिटल अंदमानवर राहणाऱ्या ओंगे जमातीच्या लोकांना सोबत नेऊन पाहिलं, त्यांनाही ती कळली नाही. पण म्हणून संवादच झालेला नाही, असं नाही.

१९६७ पासून मानववंशशास्त्रज्ञ त्रिलोकनाथ पंडित या बेटाकडे जात होते. नारळ ठेवायचे आणि लांबून बघायचं. ४ जानेवारी १९९१ ला पहिल्यांदाच सेंटिनली लोक पाण्यात उतरून नारळ घ्यायला जवळ आले. त्या पथकात मधुमाला चट्टोपाध्याय या संशोधक होत्या. एका तरुणाने बाण रोखला तेव्हा शेजारच्या सेंटिनली बाईने त्याला ढकललं आणि बाण चुकला. पंडितांचाही अनुभव आहे. एकदा ते सोबत्यांपासून थोडे दूर राहिले, तेव्हा एका तरुणाने चाकू काढून खूण केली. त्यांना अर्थ कळला, ते मागे फिरले.

चाऊला हीच गोष्ट एका दिवसात दोनदा सांगितली गेली होती. त्याचं धाडस खोटं नव्हतं, पण समोरच्याचं उत्तर ऐकायचंच नाही हे त्याने आधीच ठरवलं होतं, असं त्याची पानं वाचताना वाटत राहतं.

पण एवढा राग कशाला?

'आदिम', 'रक्तपिपासू' वगैरे शब्द वापरणाऱ्यांनी १८८० सालचं एक प्रकरण माहीत करून घ्यावं. मॉरिस पोर्टमन हा ब्रिटिश अधिकारी हत्यारबंद पथक घेऊन बेटावर उतरला. बहुतेक लोक जंगलात पळाले. हाती लागलं एक म्हातारं जोडपं आणि चार मुलं. त्यांना उचलून पोर्ट ब्लेअरला नेलं. सगळे भराभर आजारी पडले, म्हातारा-म्हातारी मेली. मग मुलांना भेटवस्तू देऊन बेटावर सोडून दिलं. ती मुलं सोबत कोणते जंतू घेऊन गेली, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

शेजारी काय झालं तेही बघा. १८५८ मध्ये इंग्रजांनी वसाहत केली तेव्हा ग्रेट अंदमानी लोकांची संख्या पाच हजारांच्या वर असल्याचा अंदाज आहे. गोवर, सिफिलिस आणि गोळ्यांनी त्यांची वाताहत झाली. आज ते ५० च्या आसपास आहेत. जारवा लोक १९९८ च्या सुमारास जंगलाबाहेर येऊ लागले आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. चाऊने लसी घेतल्या होत्या हे खरं, पण निरोगी माणसाच्या घशातले, आपल्याला काहीच न करणारे जंतूही तिथे जीव घेऊ शकतात. २०११ च्या जनगणनेत लांबून मोजता आले फक्त १५ जण. खरी संख्या जास्त असेल, तरी एका साथीत संपण्याइतकी ती लहानच आहे.

मग कायदा काय म्हणतो?

१९५६ चा आदिम जमाती संरक्षण नियम सांगतो की राखीव क्षेत्रात परवानगीशिवाय जाणं गुन्हा आहे. बेटाभोवतीचा ५ किलोमीटर समुद्रही त्यात येतो. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राने परदेशी पर्यटकांसाठी २९ बेटांवरची परमिटची अट काढली, त्या यादीत नॉर्थ सेंटिनलही होतं. हे नाव यादीत का असावं, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. पण १९५६ चा नियम तसाच लागू होता.

गुन्हा खुनाचा असला तरी पुढचा तपास कसा करणार? साक्षीदाराला प्रश्न कुठल्या भाषेत विचारणार? संशयिताला कोठडीत ठेवलं तर पोर्टमनच्या म्हाताऱ्याचं झालं तेच होणार. पोलिसांची बोट लांब थांबली, दुर्बिणीतून किनाऱ्यावर धनुष्यबाण घेतलेली माणसं दिसली, आणि पथक माघारी आलं. मृतदेह आणायचा हट्ट सोडा, असं मानववंशशास्त्रज्ञांनीही सांगितलं. चाऊच्या कुटुंबाने मारणाऱ्यांना माफ केलं आणि अटक झालेल्यांना सोडा, अशी विनंती केली. मृतदेह आजही तिथेच आहे.

म्हणजे कायद्याच्या हाताला लागले ते पैसे घेऊन बोट चालवणारे. त्यांची चूक होतीच. पण योजना आखणारा गेला, त्याला तयार करणारी संस्था अमेरिकेत राहिली आणि कोठडीत गेले ते मच्छीमार.

कमेंटमध्ये याला सरसकट 'मिशनरी विरुद्ध आपण' असा रंग दिला जातो. पण याच केंद्रशासित प्रदेशात बहुसंख्य निकोबारी लोक ख्रिस्ती आहेत. निकोबारी बिशप जॉन रिचर्डसन यांनी बायबल आपल्या भाषेत आणलं, आणि पहिल्या लोकसभेत ते खासदारही होते. नंतर २०२५ मध्ये नॉर्थ सेंटिनलवर जो गेला, त्याचा तर धर्माशी संबंधच नव्हता.

तो २४ वर्षांचा अमेरिकन युट्यूबर. मार्चच्या शेवटी रबरी बोटीतून गेला, तासभर शिट्टी वाजवली, कोणी आलं नाही. मग पाच मिनिटं उतरला, वाळू घेतली, व्हिडिओ काढला आणि किनाऱ्यावर एक नारळ आणि डाएट कोकचा कॅन ठेवून आला. परतताना त्याला स्थानिक मच्छीमारांनी पाहिलं. ३१ मार्चला पोलिसांनी त्याला अटक केली.