पडद्यावरून मानसोपचार : आपणास मानवेल काय?



शरीराला ताप आला म्हणजे मनुष्य तो लपवीत नाही. मनाला ताप आला म्हणजे मात्र प्रथम तो लपवितो आणि मग निमूटपणे सोसतो. झोप उडणे, कशातच मन न लागणे, क्षुल्लक कारणावरून मुलांवर संताप येणे, छातीत विनाकारण धडधडणे, ही लक्षणे महिनोन्‌महिने अंगावर काढणारे शिक्षक आपल्यांत आहेत. तालुक्याच्या गावी मनोविकारतज्ज्ञ नसतो. जिल्ह्याच्या गावी जावयाचे तर एस.टी.चे भाडे, एक किरकोळ रजा आणि ‘कुठे गेला होता?’ या प्रश्नाचे उत्तर, असा तिहेरी खर्च पडतो. अशा वेळी मोबाईलवरून मानसोपचार घ्यावा काय, असा प्रश्न शिक्षण परिषदेनंतर हलक्या आवाजात विचारला जातो. त्याचे उत्तर सर्वांस एकच देता येत नाही. ते कसे ठरवावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

१. ही पद्धती नवी आहे काय?

दुरून मानसोपचार करणे ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. लंडन येथे चॅड व्हारा या धर्मगुरूंनी १९५३ साली आत्महत्येच्या विचाराने ग्रासलेल्यांसाठी दूरध्वनीवरील सेवा सुरू केली. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात १९५९ च्या सुमारास मनोविकारतज्ज्ञांनी दुहेरी दूरचित्रवाणीचा उपयोग आरंभिला, आणि १९६४ साली सुमारे १८० किलोमीटर अंतरावरील रुग्णालय या मार्गाने जोडले. आपल्या देशात २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाच्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध झाल्या व या व्यवहारास नियमांची चौकट मिळाली. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र शासनाने ‘टेलि-मानस’ ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर ती अहोरात्र व विनामूल्य मिळते, आणि मराठीतूनही बोलता येते. प्रथम समुपदेशक ऐकून घेतो. आवश्यक वाटल्यास तज्ज्ञाकडे अथवा जवळच्या प्रत्यक्ष सेवेकडे पाठवितो.

२. कोणास मानवते?

सौम्य किंवा मध्यम स्वरूपाची उदासीनता, सततची काळजी, परीक्षेची अथवा सभेत बोलण्याची भीती, आप्ताच्या मृत्यूनंतरचे दुःख, कामाचा ताण, निद्रानाश, अशा तक्रारींत प्रशिक्षित व्यक्तीने पडद्यावरून दिलेला उपचार समोरासमोर दिलेल्या उपचाराच्या तोडीचा ठरू शकतो, असे बऱ्याच अभ्यासांतून दिसून आले आहे. या उपचारात मुख्य साधन संभाषण हेच असते. विचार, भावना व वर्तन यांची साखळी ओळखावयाची, ठरलेला स्वाध्याय आठवडाभर करावयाचा आणि पुढील भेटीत तो तपासावयाचा, अशी त्याची रीत असते. स्वाध्याय न करणाऱ्या विद्यार्थ्याची प्रगती जशी खुंटते, तशीच येथेही खुंटते. ज्यास नेमाने वेळ देता येतो, जो आपल्या मनातले शब्दांत सांगू शकतो आणि ज्यास प्रवासाची अडचण आहे, त्यास ही पद्धती बहुधा मानवते.

३. कोणास मानवत नाही?

पुढील परिस्थितीत केवळ पडद्यावर विसंबू नये : जीव नकोसा झाला आहे व तो संपविण्याचा विचार वा तयारी आहे, कानी नसलेले आवाज ऐकू येतात, किंवा सर्व जण आपल्या वाईटावर आहेत अशी दृढ समजूत झाली आहे, अनेक दिवस झोपेवाचूनही माणूस विलक्षण उत्साहात आहे, अन्नपाणी सुटले आहे, दीर्घकाळचे दारूचे व्यसन एकाएकी थांबविल्याने हात थरथरतात वा झटके येतात, किंवा घरातच मारहाण चालू आहे. या ठिकाणी रोग्यास प्रत्यक्ष पाहणारा, नाडी मोजणारा आणि वेळ पडल्यास रुग्णालयात दाखल करून घेणारा मनुष्य हवा. दुरून बोलणाऱ्यास हे करता येत नाही. जिवावरचा प्रसंग असेल तर ११२ वर कळवावे, रोग्यास एकटे सोडू नये, कीटकनाशके व औषधे त्याच्या हातापासून दूर ठेवावीत आणि त्यास जवळच्या रुग्णालयात न्यावे. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसावर खटला भरतील या भीतीने काही कुटुंबे रोग्यास घरीच दडवितात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असेच, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते. ही गोष्ट पालकांस अवश्य सांगावी.

औषधांचीही मर्यादा ध्यानात असावी. गुंगी व सवय लावणारी कित्येक औषधे दुरून लिहून देण्यास मनाई आहे. तसेच अंगावरील थकवा, वजनातील घट वा धडधड यांचे मूळ कंठग्रंथीच्या विकारात किंवा रक्तक्षयात असू शकते. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात एकदा तपासून घेणे शहाणपणाचे होय.

४. एकांताचा प्रश्न

खेडेगावात या उपचाराची खरी कसोटी एकांतात लागते. शहरात दार लावले की काम भागते. वाडीवर भिंतीला खरोखरच कान असतात. एका खोलीच्या बिऱ्हाडात सासूबाईंसमोर सुनेने, किंवा वडिलांसमोर मुलाने, मनातले काय बोलावे? मनुष्य चोरून बोलू लागला म्हणजे खरे तेवढे वगळतो, आणि वगळलेल्या गोष्टीवर उपचार होत नाही.

म्हणून भेट ठरविण्यापूर्वी जागा ठरवावी. आठवड्यातून एकदा सुमारे पाऊण तास कोणी येणार नाही अशी जागा आहे काय? तेथे आवाज तुटत नाही ना? टेकडीवर रेंज मिळते, पण वाऱ्यात उभे राहून दुःख सांगता येत नाही. कानातील यंत्र वापरावे, म्हणजे निदान समोरच्याचे बोलणे दुसऱ्यास ऐकू जात नाही. मोबाईल घरात सर्वांचा असेल, किंवा त्याच्यावरूनच शाळेची माहिती भरली जात असेल, तर त्यास कुलूपसंकेत घालावा. शुल्क भरल्याचा संदेश कोणाच्या मोबाईलवर जातो तेही पाहावे. पुष्कळदा गुपित तेथेच फुटते. चित्रासह बोलण्यास रेंज पुरत नसेल तर केवळ आवाजावर बोलता येईल काय, हे आधी विचारावे. एकांत मिळतच नसेल, तर महिन्यातून एकदा जिल्हा रुग्णालयात जाणे अधिक फलदायी ठरेल.

५. उपचार करणाऱ्याची पारख

वैद्यकीय सल्ला देणारा डॉक्टर नोंदणीकृत असला पाहिजे व त्याने आपला नोंदणी क्रमांक दर्शविला पाहिजे, असा नियम आहे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ‘समुपदेशक’ असे नावापुढे लावणाऱ्या प्रत्येकाने पुरेसे शिक्षण घेतलेले असतेच असे नाही. म्हणून पहिल्याच वेळी संकोच न करता विचारावे : आपले शिक्षण काय? नोंदणी कोठे आहे? आपण मराठीतून बोलाल काय? शुल्क किती, आणि भेट चुकल्यास काय? संभाषणाची ध्वनिमुद्रिका ठेविता काय? संकटकाळी मी कोणास कळवावे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी नाही, त्याजकडे जाऊ नये. ‘खात्रीने बरे करतो’ म्हणणारा आणि अनेक महिन्यांचे पैसे आगाऊ मागणारा, या दोघांपासून दूर राहावे. काही ठिकाणी पलीकडे माणूस नसून यंत्रच उत्तरे जुळवीत असते. त्याच्याशी बोलून क्षणभर हलके वाटेल. पण रोग ओळखण्याची जबाबदारी यंत्र घेत नाही.

तीन-चार भेटींनंतर आपल्याशीच हिशेब करावा. मला हा मनुष्य समजून घेतो असे वाटते काय? झोप, भूक, वर्गातील चित्त यांत तिळमात्र तरी फरक पडला काय? नसल्यास तसे स्पष्ट सांगावे, आणि तरीही न जमल्यास दुसरा तज्ज्ञ किंवा प्रत्यक्ष भेटीचा मार्ग धरावा. एक पद्धती मानवली नाही म्हणजे उपचारच निरुपयोगी, असा निष्कर्ष काढू नये.

६. विद्यार्थ्यांच्या बाबतीत

लहान मूल पडद्यासमोर बसून आपले दुःख सांगत नाही. ते खेळातून, चित्रातून, अबोल्यातून सांगते. सहा-सात वर्षांच्या मुलास एकट्यास मोबाईलपुढे बसविण्यात अर्थ नाही. त्याच्या पालकांनाच दुरून मार्गदर्शन मिळाले तर ते अधिक उपयोगी पडते. अज्ञान बालकाने वैद्यकीय सल्ला घेताना सोबत प्रौढ व्यक्ती असणे नियमानेच आवश्यक आहे. शिक्षण मंत्रालयाने २०२० साली विद्यार्थी, पालक व शिक्षक यांच्यासाठी ‘मनोदर्पण’ हा उपक्रम सुरू केला. त्याचा क्रमांक ८४४८४४०६३२ हा आहे. संकटातील बालकासाठी १०९८ हा क्रमांक आहे. मात्र मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास ते प्रकरण समुपदेशनावर सोपवून मोकळे होता येत नाही. २०१२ च्या कायद्यानुसार ते पोलिसांस कळविणे आपणांवर बंधनकारक आहे.

गावात एखाद्या मुलाचे वागणे पालटले की ‘बाहेरचे काही’ म्हणून त्यास देवरुषाकडे नेतात. तेथे शिक्षकाने वाद घालीत बसू नये. ‘तुमचे जे चालले आहे ते असो, पण एकदा डॉक्टरांचाही सल्ला घेऊ, क्रमांक मी लावून देतो,’ एवढे म्हणावे. पालकाचा मान राहतो आणि मुलास उपचार मिळतो.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून चालू आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभाग कोणत्या वारी असतो हे प्रत्येक मुख्याध्यापकाने एकदा विचारून ठेवावे, आणि तो वार वर उल्लेखिलेल्या क्रमांकांसह कार्यालयाच्या फळ्यावर लिहावा. ज्यास गरज आहे तो कोणास न विचारता ते वाचील. आपल्या दुःखाची वाच्यता न करता मदतीचा रस्ता सापडणे, हीच पुष्कळांच्या बाबतीत उपचाराची पहिली पायरी असते.